निरंक

स्टोअरची किल्ली हातात देताना
बागूल काकांनी तीनच गोष्टी सांगितल्या:
फ्रिजचं दार पायानं लावायचं नाही,
पेन्सिलनं लिहिलेलं इंडेंट मानायचं नाही,
आणि निरंक म्हणजे दहा.

तिसरी कळायला मला वर्ष लागलं.

सापाचं इंजेक्शन संपत आलं
की शिल्लकच्या रकान्यात मी लाल पेनानं
निरंक लिहिते.
खालच्या मांडणीत, मुदत संपलेल्या ओआरएसच्या खोक्यामागे
दहा बाटल्या बसून असतात,
माहेरी न सांगता आलेल्या लेकीसारख्या गप्प.

गांगुर्डे सिस्टर खिडकीशी येऊन विचारतात, "किती?"
मी म्हणते, "नाहीत."
"बरं," म्हणतात.
त्या "बरं"मध्ये त्यांनीही दहा मोजलेले असतात.

बाकीच्या तुटीला वाटा आहेत.
चोवीस नंबरची सुई नसली
तर बाविसाची घेऊन बाळाच्या मनगटात शोधाशोध.
साडेसहाचे ग्लोव्हज संपले
तर नवी डॉक्टर साडेसातचे चढवून टाके घालते,
बोटांची टोकं लोंबत असतात.
मालेगावहून उसनं येतं, सिन्नरला उसनं जातं,
चिठ्ठीवर सही, परत केलं की चिठ्ठी फाडायची.
गोळे कॉलनीतले छाजेड शेठ
रात्री साडेअकराला फोन उचलतात,
आधी मागच्या बिलांचं विचारतात,
मग शटर उघडतात.

त्या रात्री बागांमध्ये द्राक्षछाटणीचे दिवस होते.
मोतीराम गावित, दिंडोरी, घोणस,
हिरड्यांतून रक्त.
वीस मिनिटांनी जिजा भोये, वय नऊ, करंजाळी,
जमिनीवर झोपली होती, मण्यार,
पापण्या उचलता येत नव्हत्या तिला.
डॉ. कसबे स्वतः खाली आले, चप्पल वेगवेगळ्या जोडांची.
"रजिस्टर राहू द्या. किती?"

मी पहिल्यांदा आकडा मोठ्यानं म्हटला.

दोघांना दहा-दहा लागतात, तेही सुरुवातीलाच.
पोर लहान म्हणून कमी नाही,
साप काही पोर बघून
विष हातचं राखत नाही.

कोणाला आधी, हे मला कुणी विचारलं नाही.
मी ट्रेमध्ये बाटल्या मांडल्या आणि फोन लावत बसले.
गांगुर्डे सिस्टर पाणी सोडून एकेक फिरवत होत्या.
हलवायची नसते, फेस येतो.
तळहातांत धरून, फुलवात वळावी तशी.
ती पूड विरघळेपर्यंत
कलेक्टरलाही घाई करता येत नाही.

छाजेड शेठकडे सात निघाल्या.
पंचवटीतल्या ट्रस्टच्या दवाखान्यानं चार दिल्या, चिठ्ठीवर.
पगारे पन्नास मिनिटांत आला,
द्वारकेचा सिग्नल तोडून,
शर्टाच्या आत अकरा बाटल्या, पोट धरल्यासारखा.
तोवर दहा जिजाच्या नसेत गेल्या होत्या.

ती अकराव्या दिवशी घरी गेली.
मोतीरामला डायलिसिसवर घेतलं, छाटणी त्याच्यावाचून उरकली.
पुढचं मला माहीत नाही.
स्टोअरला कुणी कळवत नाही,
फक्त रिकाम्या बाटल्या परत येतात, मोजून घ्यायला.

महिनाअखेरीला ऑडिट.
शिल्लक निरंक असताना दहा नग दिले कसे?
कमी पडलं तर नुसतं पत्र लिहायचं असतं,
जास्त निघालं तर खुलासा.
मी लिहिला: मोजण्यात चूक झाली, क्षमस्व.
साहेबांनी तो दोनदा वाचला
आणि फाईल न बघता बंद केली.

ओआरएसचं खोकं मी सरकवलं काल.
धुळीत दहा गोल डाग होते.
पुसायला फडकं घेतलं, पुसले नाहीत.

मग खिडकीवर टकटक झाली.
"किती?"
"नाहीत," म्हटलं मी.

गांगुर्डे सिस्टर "बरं" म्हणाल्या,
आणि निश्चिंत होऊन
जिना चढू लागल्या.